बारा वर्षं सहा महिने : वय न तपासता सुनावलेली फाशी

पुण्यातल्या एका जुन्या खून खटल्यात फाशी झालेला आरोपी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचाच होता असं मान्य करून त्याला सोडणारा सुप्रीम कोर्टाचा हा निकाल 27 मार्च 2023 चा. मी त्याच आठवड्यात तो पूर्ण वाचला आणि तेव्हापासून लीगल एडच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या कामासाठी जेलला जाताना माझ्या फाईलमधे जो मुलाखतीचा फॉर्म असतो, त्यातल्या 'वय' या रकान्याशी माझा हात थांबतो. आधी मी पण समोरचा सांगेल ते लिहून पुढे जायचे. एकवीस म्हणाला, लिहिलं एकवीस. पुढचा प्रश्न, कलम कुठलं लागलंय.

प्रकरण पुण्याचं आहे. ऑगस्ट 1994, पौड रोडच्या बाजूची एक सोसायटी, भर वस्तीत, दिवसा एका फ्लॅटमधे सात जणांचा खून झाला. पाच बायका आणि दोन लहान मुलं, त्या बायकांपैकी एक गरोदर होती. घरातले पुरुष कामावर गेलेले. त्या वेळी पुण्यात जे लोक होते त्यांना विचारा, घरोघरी दाराला सेफ्टी डोअर बसवायची लाट तेव्हा आली असं माझी आई अजून सांगते, ओळखीचा पोरगा आला तरी साखळी काढायची नाही ही शिकवण आम्हाला तेव्हाच मिळाली. त्या कुटुंबाचं नाव पुण्यात सगळ्यांना माहीत आहे, पण मी लिहीत नाही. आरोपीचंही लिहीत नाही. तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असं शेवटी कोर्टानेच मान्य केलं आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74 अशा मुलाची ओळख जाहीर करू नका म्हणतं. पेपरांनी नाव छापलं, निकालाच्या शीर्षकातही आहे, तरी मला ते इथे नको वाटतं.

पुढे लिहिण्याआधी एक सांगते, म्हणजे वाचताना कुणाचा गैरसमज नको. हा माणूस निर्दोष होता असं मी म्हणत नाहीये आणि कोर्टानेही तसं म्हटलेलं नाही. ज्या घरात सात माणसं गेली त्या घराला 1994 नंतर काहीही परत मिळालेलं नाही, आणि 29 वर्षांनी एक आरोपी वयाच्या मुद्द्यावर बाहेर आला हे ऐकताना त्यांच्या पोटात काय कालवलं असेल याची कल्पना करून मला लिहिताना पण जड जातंय. माझं म्हणणं एवढंच आहे की जी चौकशी पहिल्या आठवड्यात व्हायला पाहिजे होती ती पंचवीस वर्षांनी झाली, आणि त्या उशिराची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली.

आरोपी तिघे, तिघेही राजस्थानातून कामधंद्यासाठी आलेले. सप्टेंबर 1994 मधे अटक. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला, बाकी दोघांवर केस चालली, आणि त्या माफीच्या साक्षीदाराची साक्षच खटल्याचा कणा होती. पुण्याच्या सेशन कोर्टाने फेब्रुवारी 1998 मधे दोघांना फाशी सुनावली. हायकोर्टाने 1999 ला ती कायम केली, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2000 मधे अपील फेटाळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे रिव्ह्यू, म्हणजे फेरविचाराचा अर्ज पण फेटाळला गेला. म्हणजे सहा वर्षांत सगळे दरवाजे बंद, आपल्याकडच्या हिशोबाने हे फार म्हणजे फारच फास्ट. दोघांपैकी दुसऱ्याची फाशी पुढे 2016 मधे राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. हा मात्र फाशीचा कैदी म्हणून तसाच राहिला.

या सगळ्या प्रवासात वय हा मुद्दा कुठेच आला नाही. कागदोपत्री तो विशीतला सज्ञान तरुण, तसाच तो पोलिसांकडून मॅजिस्ट्रेटकडे, तिथून सेशनला, हायकोर्टात, दिल्लीला गेला. एकदा पहिल्या कागदावर जे लिहिलं गेलं ते पुढचा प्रत्येक जण उतरवून घेत गेला. ज्यांनी कोर्टात काम केलंय त्यांना हे माहितीये, रिमांड रिपोर्टवर, म्हणजे कोठडी मागताना पोलीस देतात त्या कागदावर जे वय असतं तेच चार्जशीटवर, तेच जबाबात, तेच निकालाच्या पहिल्या पानावर. कुणी मुद्दाम खोटं लिहितं असं नाही, मधे थांबून पुरावा मागायचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं.

आता 1994 ला कायदा काय होता ते बघू, कारण पुष्कळांना वाटतं की हे सगळं नंतरच्या मवाळ कायद्यामुळे झालं. तसं नाही. तेव्हा 1986 चा बाल न्याय कायदा लागू होता, त्यात मुलगा 16 वर्षांखालचा आणि मुलगी 18 खालची असेल तर ती जुवेनाइल म्हणजे अल्पवयीन, आणि अशा मुलाला फाशी किंवा कैद देताच येत नाही हे त्याच कायद्याच्या कलम 22 मधे स्वच्छ लिहिलेलं. चौदाच्या आतल्या मुलाला फार तर स्पेशल होममधे, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात ठेवायचं, तो जुवेनाइल असेपर्यंत, म्हणजे मुलगा असेल तर सोळा पूर्ण होईपर्यंत.

शाळेच्या रजिस्टरप्रमाणे याची जन्मतारीख 1 फेब्रुवारी 1982. सोळा कधी पूर्ण झाली? 1 फेब्रुवारी 1998. आणि पुण्याच्या कोर्टाने फाशी सुनावली फेब्रुवारी 1998 मधे. ज्या महिन्यात त्या वेळच्या कायद्याप्रमाणे त्याला स्पेशल होममधून सोडायची वेळ आली असती त्याच महिन्यात त्याला फाशी सुनावली गेली. हा हिशोब मी तीनदा कॅलेंडर घेऊन केला, चौथ्यांदा नवऱ्याला करायला लावला.

एक तपशील अजून. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 82 सात वर्षांखालच्या मुलाने केलेलं काही गुन्हाच धरत नव्हतं, कलम 83 सात ते बारा या वयात समज आली होती का ते बघायला सांगायचं. हा मुलगा बारा पूर्ण होऊन सहा महिने पुढे गेलेला, त्यामुळे त्याचा फायदा त्याला नव्हताच. त्याला जबाबदार धरता आलं असतं. फक्त ते मुलांच्या पद्धतीने धरायचं होतं, मोठ्यांच्या नाही.

मग हे बाहेर आलं कसं. जेलमधे असताना 2005 मधे त्याची वैद्यकीय तपासणी झाली होती आणि डॉक्टरांचं मत पडलं, वय 22 पेक्षा जास्त आणि 40 पेक्षा कमी. आता या वाक्याचं काय करायचं सांगा. खालचा आकडा धरला तर 1994 ला तो अकरा वर्षांचा होतो, वरचा धरला तर एकोणतीस. हाडांच्या एक्सरेवरून वय काढायचं ते वाढीच्या वयात, तेव्हाही एक-दोन वर्षं इकडे तिकडे होतात, विशी उलटल्यावर त्या टेस्टमधून काही हाती लागत नाही. हीच टेस्ट 1994 च्या सप्टेंबरमधे झाली असती तर साडेबारा वर्षांचं मनगट आणि बावीस वर्षांचं मनगट यात कुठल्याही रेडिओलॉजिस्टची गल्लत झाली नसती. अकरा वर्षं उशीर झाल्यावर तोच पुरावा निकामी झाला.

कायद्यात दरवाजा उघडला तो 2006 च्या दुरुस्तीने. 2000 च्या बाल न्याय कायद्यात कलम 7ए घातलं गेलं, अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी केस अंतिम निकाली निघाल्यावरही करता येईल असं. 2015 च्या कायद्यात तेच कलम 9(2) मधे आलं. पुढे दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतल्या प्रोजेक्ट 39ए या फाशीच्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या गटाच्या वकिलांनी त्याची केस हातात घेतली, 2018 मधे सुप्रीम कोर्टात अर्ज गेला, कोर्टाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं आणि 2019 मधे रिपोर्ट गेला, गुन्ह्याच्या वेळी वय 12 वर्षं 6 महिने.

त्यानंतरही जवळजवळ चार वर्षं तो आतच होता. मधे कोविड आला, सुनावण्या झाल्या, युक्तिवाद झाले, पण फाशीच्या कैद्याचे चार वर्षं.

सरकारचे आक्षेप फालतू नव्हते हे मी मान्य करते. पहिला, शाळेच्या रजिस्टरमधलं नाव वेगळं आणि कोर्टाच्या कागदांवरचं वेगळं. मारवाडी बोलीतलं गावाकडचं नाव, पुण्यात आल्यावर आपल्या जिभेला सोपं, देवाचं नाव झालं. आमच्याकडे गावात ज्याला बंड्या म्हणून हाक मारतात तो दाखल्यावर भालचंद्र असतो, तशातला प्रकार. पण इथे दोन नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करावं लागलं, त्यासाठी वडिलांचं नाव, गाव, तिकडचे दाखले हे सगळं जुळवलं गेलं. दुसरा आक्षेप, मतदार यादीत त्याच्या नावाची नोंद सापडली होती, म्हणजे तो सज्ञान असणार. कोर्टाचं म्हणणं पडलं की वय ठरवायला कायद्याने पुराव्यांचा क्रम दिलाय, आधी शाळेची किंवा मॅट्रिकची नोंद, ती नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तेही नसेल तरच मेडिकल, आणि मतदार यादी त्या क्रमात येतच नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच मनातला होता. आपल्याकडे शाळेच्या तारखा म्हणजे काय हे आपल्याला माहितीये ना. माझे वडील, मोठे काका आणि धाकटी आत्या तिघांचा जन्म 1 जूनचा. गुरुजींनी शाळेत नाव घालताना हाताची लांबी बघून, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघून तारीख टाकलेली. मग राजस्थानच्या एका गावातल्या रजिस्टरमधल्या 1 फेब्रुवारीवर एवढ्या मोठ्या केसचा निकाल फिरवायचा? यावर मी बराच विचार केला. माझं उत्तर असं की गुरुजींचा अंदाज वर्षभराने, फार तर दोन वर्षांनी चुकेल. तारीख चुकेल, महिना चुकेल. पण पहिलीत घालायला आणलेलं पोर तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचं होतं आणि गुरुजींना कळलं नाही असं होणार नाही. दोन वर्षं इकडची तिकडे केली तरी हा मुलगा 1994 ला साडेचौदाच्या वर जात नाही, सोळाच्या आतच राहतो. आणि ही नोंद खुनाच्या कित्येक वर्षं आधीची आहे, तेव्हा कुणाला काय माहीत की पुढे या ओळीवर कुणाचा जीव लटकणार आहे.

आणि मग तो प्रश्न जो सगळेच विचारतात, मी ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिला हाच विचारला. बारा वर्षांचं पोर असं करू शकतं? न्यायमूर्ती के एम जोसेफ, अनिरुद्ध बोस आणि हृषिकेश रॉय यांच्या खंडपीठापुढे हा प्रश्न होताच. निकालात त्यांनी लपवलेलं नाही, ही गोष्ट आम्हाला हादरवते असं ते म्हणतात, पण आम्हाला बालमानसशास्त्राचं किंवा गुन्हेशास्त्राचं ज्ञान नाही आणि अशा तर्कावर निर्णय झाकोळू देणार नाही असंही म्हणतात. मला हे फार मोलाचं वाटलं. कारण उलट बाजूने विचार करून बघा, गुन्हा भयंकर आहे म्हणून करणारा मोठाच असला पाहिजे, असं जर वय ठरायला लागलं तर मग दाखले, रजिस्टर, कायदा कशाला पाहिजे. शेवटी आदेश झाला. 2015 च्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं स्पेशल होममधे ठेवता येतं, हा 28 वर्षांहून जास्त आत आहे, फाशी कायद्यानेच टिकत नाही, ताबडतोब सोडा. दुसऱ्या दिवशी तो नागपूर सेंट्रल जेलमधून बाहेर पडला. वय 41.

आता शिक्षा आणि सुधारणा या बाजूने बघते, कारण मला खरं त्यावर लिहायचं होतं. पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याला जेलमधे काम मिळतं, मजुरी मिळते, चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळते, फर्लो म्हणजे घरी जायची रजा मिळते, वर्षानुवर्षं नीट राहिला तर खुल्या कारागृहात पाठवतात, पैठणला, येरवड्याला. म्हणजे बाहेरच्या जगाशी एक दोरी तरी राहते. फाशीच्या कैद्याला यातलं बहुतेक काहीच नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने तो शिक्षा भोगत नसतो, शिक्षेची वाट बघत असतो. सुप्रीम कोर्टाने 1978 मधे सुनील बत्रा केसमधे सांगितलंय की सगळे उपाय संपेपर्यंत अशा कैद्याला एकांतात कोंडता येणार नाही, तरी फाशी यार्ड तो फाशी यार्डच. सुधारायचं कशासाठी, कुणासाठी, असं तिथे कुणीच विचारत नाही कारण तो बाहेर जाणार हे गृहीतच नाही.

आणि तिथे हा मुलगा शिकला. गावात जेमतेम दोन-तीन इयत्ता झालेल्या, जेलमधे दहावी केली, बारावी केली, बी ए झाला, एम ए झाला. मराठी शिकला, हिंदी, इंग्रजी वाचायला लागला. कुठल्या योजनेचा तो लाभार्थी नव्हता, पुढे कुठे वापरता येईल अशी आशा पण नव्हती. परीक्षेचा फॉर्म भरताना 'पत्ता' या जागी मध्यवर्ती कारागृह लिहायचं, आणि निकाल लागेपर्यंत आपण असू का हे माहीत नाही. मी जेलमधे परीक्षा देणारी पोरं बघितलीयेत, न्यायबंदी म्हणजे खटला चालू असलेली पण आणि शिक्षाबंदी म्हणजे शिक्षा झालेली पण, पुस्तकं कुणीतरी दान दिलेली, मागच्या वर्षाच्या सिलॅबसची, गाईडची पानं सुटी झालेली, ती सुतळीने शिवून ठेवतात. त्यामुळे ही जिद्द काय असते ते थोडं तरी कळतं मला.

पण सुटल्यावर काय? बाल न्याय कायद्यात आफ्टरकेअर आहे, संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना 18 नंतर 21 पर्यंत, फार झालं तर 23 पर्यंत आधार द्यायचा. हा कायद्याने मूल ठरला आणि वय 41. जेलमधून सुटणाऱ्या पक्क्या कैद्यांसाठी ज्या काही थोड्या योजना असतात त्या शिक्षा भोगून आलेल्यांसाठी, आणि याची तर शिक्षाच रद्द झालेली. दोन्ही दारांच्या मधल्या जागेत तो उभा. चुकीच्या कैदेबद्दल भरपाई द्यायचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, लॉ कमिशनने 2018 मधे 277 वा रिपोर्ट याच विषयावर दिला होता, त्यावर अजून कायदा झालेला नाही. 28 वर्षं आत ठेवलं त्यातली तीन वजा करा, पंचवीस उरतात, त्या पंचवीसचं उत्तर कुणी द्यायचं हे कुठल्याच कलमात नाही.

तो गावी गेला, बिकानेर जिल्ह्यात. आई होती. आईला फक्त मारवाडी येते आणि याची मारवाडी गेलेली, मराठी-हिंदी राहिलेली. बारा वर्षांचा असताना घेतलेली भाषा जेलच्या बराकीत कुणाशी बोलायची होती त्याने? बीबीसीच्या मुलाखतीत हे वाचलं तेव्हा मला त्या 28 वर्षांचा अर्थ जास्त लागला. आईशी बोलायला मधे माणूस लागतो.

आता पुण्यातली एक गोष्ट. येरवड्यात सेंट्रल जेल आहे आणि येरवड्यातच मुलांचं निरीक्षणगृह आहे. मी दोन्हीकडे जाते. निरीक्षणगृहात सकाळी पोरं ओळीने आपापली ताटं धुतात, कुणीतरी रडत असतं, कुणीतरी कॅरमवर भांडत असतं, प्रोबेशन ऑफिसर मॅडम एकेकाला बोलावून घरचा नंबर विचारत असतात, आईचा पाठ आहे का, मामा कुठे राहतो, शाळा कधी सोडलीस. समुपदेशन, वर्ग, बाल न्याय मंडळापुढे तारीख, सगळं अपुरं आहे, माणसं कमी आहेत, पण तिथला प्रत्येक प्रश्न त्या मुलाबद्दल असतो. 1994 च्या सप्टेंबरमधे गाडी त्या गेटला वळायला हवी होती.

हे जुनं झालं, आता असं होत नाही असं कुणी म्हणेल. दिल्ली हायकोर्टाने 2012 मधे पोलिसांना अटकेच्या वेळीच एज मेमो, म्हणजे वयाची लेखी नोंद करायला सांगितलं ते तिहारमधे अल्पवयीन मुलं सापडत होती म्हणूनच. नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2024 च्या सुरुवातीला देशभर मोहीम काढली, जेलमधे आहेत त्यातले गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असू शकतील असे कोण ते शोधायची. आणि माझ्या स्वतःच्या पॅनलवरची गोष्ट, दोन वर्षांपूर्वी एका चोरीच्या केसमधे कागदावर 19 लिहिलेला पोरगा, तोंडावर लव पण नाही. आई मुलाखतीला आली तेव्हा तिच्याकडे दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला चौथीचा दाखला होता, तिने तो आधी दोन ठिकाणी दाखवला होता, कुणी हातात घेतला नव्हता. सोळा वर्षं आणि दोन महिने निघाले. नऊ आठवडे तो मोठ्यांच्या बराकीत होता. त्या नऊ आठवड्यांत तो काय शिकला ते त्याने मला सांगितलं, ते इथे लिहिणार नाही.

शिक्षेच्या सुनावणीबद्दल पण बोललं पाहिजे. आपल्याकडे दोषी ठरवणं वेगळं आणि शिक्षा ठरवणं वेगळं, त्यासाठी वेगळी सुनावणी हवी हे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून चालत आलंय, आणि 1980 च्या बचनसिंग निकालापासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमधे, गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघून. गुन्हेगार बघायचा म्हणजे त्याचं वय, घर, मानसिक स्थिती, सुधारायची शक्यता. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ही सुनावणी निकालाच्याच दिवशी दुपारी होते, वकील म्हणतो आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी, संपलं. मे 2022 मधे मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीच्या केसमधे आरोपीच्या आयुष्याची माहिती सुरुवातीपासूनच गोळा करा. हे 1998 ला असतं, आणि एक माणूस, फक्त एक माणूस बिकानेरच्या गाडीत बसून त्या गावात गेला असता, तर शाळेत जाऊन रजिस्टर काढायला त्याला अर्धा दिवस लागला असता.

म्हणून मी आता फॉर्ममधे वयाच्या रकान्याखाली हाताने तीन ओळी वाढवल्यात. पहिल्यांदा कुठल्या शाळेत गेलास, गाव-तालुका. गुरुजी किंवा बाई कोण होत्या. घरात तुझ्या आधीचा आणि नंतरचा कोण, त्यांचं वय काय. वय विचारलं की पोरं एकवीस सांगतात कारण कामाला ठेवताना तेच सांगायची सवय लागलेली असते, पण बाईंचं नाव कुणी खोटं सांगत नाही. मग त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना रजिस्टरच्या उताऱ्यासाठी पत्र टाकते, लीगल एडच्या लेटरहेडवर. उत्तर प्रदेशातल्या एका शाळेला पाठवलेल्या पत्राला सात आठवडे झालेत, अजून उत्तर नाही. तिथल्या एका शिक्षकाचा मोबाईल नंबर कालच मिळालाय, सोमवारी शाळा उघडली की करते फोन.